कॉलरमधली टाचणी : मुलाखतीच्या कपड्यांची तर्कचिकित्सा



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहींच्या भुवया वर गेल्या, ते आम्ही इथून पाहिलं. उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसानं सत्तरी उलटल्यावर ‘मुलाखतीला काय घालून जावं’ यावर बोलायचं, म्हणजे जरा अतिच झालं. आयोजकांनी खरं तर ‘प्रमाण आणि प्रामाण्य’ असा विषय सुचवला होता. आम्ही म्हटलं, तोच घेतो. फक्त त्याला शर्ट-पँट चढवतो. (हशा)

निमित्त असं झालं. आमच्या सोसायटीत एक मुलगी राहते. एम.ए. झाली, नेट झाली, तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. तिला सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीचं पत्र आलं. संध्याकाळी मोबाइलमध्ये तीन फोटो घेऊन आली. एकात बारीक काठाची सुती साडी, दुसऱ्यात कुर्ता-ओढणी, तिसऱ्यात शर्ट-पँट. आम्ही म्हटलं, अगं, यातलं आम्हाला काय कळतंय, काकूंना विचार. तर म्हणाली, “काकूंना विचारलं, सर. त्या म्हणाल्या साडी छान दिसते. पण मला छान दिसायचं नाहीये. तुम्ही इतकी वर्षं निवड समितीवर बसायचात. तुम्ही कशाला मार्क द्यायचात ते सांगा.”

आम्ही गप्प. ‘कपड्यांना कोण मार्क देतं’ असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. म्हणून आजचा हा खटाटोप.

आमच्या शास्त्राने कपड्यांकडे फारसं बघितलेलं नाही. गीतेत आत्मा देह टाकतो तो जुनं वस्त्र टाकावं तसा. पण तिथे वस्त्र उपमेपुरतं. ते कुणी विणलं, कुणाला परवडलं, हा तिथला प्रश्नच नव्हे. इंग्रजीत टॉमस कार्लाइलने 1833-34 मध्ये ‘सार्टर रिसार्टस’ नावाचं एक विक्षिप्त पुस्तक मासिकातून क्रमशः लिहिलं. त्यात एक काल्पनिक जर्मन प्राध्यापक वस्त्रांचं तत्त्वज्ञान मांडतो. लिहिण्याची तऱ्हा थट्टेची, मुद्दा मात्र गंभीर: समाज कापडावर उभा आहे, मोठ्यांच्या अंगावरचं कापड काढलं तर मोठेपण कुठे राहतं ते बघा. पण दाराबाहेरच्या बाकावर, मांडीवर फाईल धरून, आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघणारा माणूस त्या पुस्तकात भेटत नाही. तो भेटतो एका अगदी बाजारी पुस्तकात, आणि आज आम्हाला चिकित्सा करायची आहे ती मुख्यतः त्याची.

जॉन टी. मॉलॉय या अमेरिकन गृहस्थांनी 1975 साली ‘ड्रेस फॉर सक्सेस’ लिहिलं. दोन वर्षांनी बायकांसाठी वेगळं पुस्तक काढलं. प्रचंड खपली दोन्ही. आज तुम्हाला कुठल्याही क्लासमध्ये किंवा व्हिडिओत जो उपदेश ऐकू येतो, त्याचं मूळ इथे सापडतं. मॉलॉय यांची रीत अशी की लोकांना चित्रं दाखवायची आणि विचारायचं, यातला वरच्या हुद्द्याचा कोण? त्यातला रेनकोटचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक रेनकोट फिकट बदामी, दुसरा काळा. लोकांनी बदामी कोटवाल्याला वरच्या थरातला ठरवलं, काळ्यावाल्याला खालच्या. मॉलॉय यांचा सल्ला: बदामी घ्या.

आम्ही हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा नाक मुरडलं होतं. आता वाटतं, की या माणसात एक गुण होता आणि तो आपल्याकडच्या उपदेशकांत नाही. तो लबाड नव्हता. ‘सभ्य दिसा’, ‘आत्मविश्वास दिसू द्या’ असलं गोडगोड तो बोलत नाही. सरळ सांगतो की कपड्यातून तुमचा वर्ग कळतो, आणि वरच्यांना वरचेच आवडतात. आत शिरायचं असेल तर त्यांच्यासारखे दिसा. कटू आहे, पण निदान वर्गाला वर्ग म्हटलंय.

मग चुकतं कुठे? हे बघा. त्या प्रयोगात मोजलं काय गेलं? रेनकोट घालणारा मोजला गेला नाही, बघणारा मोजला गेला. काळा कोट घालणारा हुशार की मठ्ठ, प्रामाणिक की चोर, यातलं काहीही त्यातून कळत नाही. कळतं ते इतकंच की बघणाऱ्याच्या डोळ्यात खोट आहे. आणि सल्ला कुणाला? घालणाऱ्याला! तराजूत दोष आहे हे सिद्ध करायचं, आणि भाजीवाल्याला सोडून वांग्याला सांगायचं, बाबा रे, तू जरा वजन वाढव. (हशा) मॉलॉय यांचं सगळं पुस्तक हे वांग्याला केलेल्या उपदेशाचं पुस्तक आहे.

आता आपल्याकडे या. पुण्यात सदाशिव पेठेत चक्कर मारली तर स्पर्धा परीक्षेची मुलं चहाच्या टपरीवर भेटतात. लेखी झाल्यावर त्यांच्या मॉक इंटरव्ह्यूची धांदल सुरू होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण गुण 2025, त्यांपैकी 275 व्यक्तिमत्त्व चाचणीचे. एकेका गुणावर केडर ठरतं, तेव्हा मुलं घाबरणारच. मग सल्ले: फिका शर्ट, गडद पँट, पट्टा बुटांच्या रंगाचा, मोज्यांवर चित्रं नकोत, मुलींनी सुती साडी नाहीतर साधा ड्रेस. या सगळ्याला एकच शब्द, ‘फॉर्मल’. ‘औपचारिक वस्त्रे’ असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्या भाषेत यासाठी चांगला वापरातला वाक्प्रचार होता: चारचौघांत शोभेल असं. त्यात किमान हे कबूल होतं, की शोभणं हे कापडात नसतं, चारचौघांत असतं. पूर्वी हे चारचौघं म्हणजे आळीतले, नात्यातले, लग्नाच्या पंगतीतले. त्यांना तुम्ही ओळखत होतात, ते तुम्हाला. आता चारचौघं म्हणजे टेबलापलीकडचे अक्षरशः चौघं, ज्यांना तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही, आणि ज्यांच्यापाशी तुमच्यासाठी वीस मिनिटं आहेत.

ही चौघं काय करतात? अनुमान करतात. इथे आम्हाला आमच्या दुकानातला माल थोडा काढू द्या.

नैयायिकांचा डोंगर तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. आता हेच उलटं करा: तिथे अग्नी आहे, म्हणून धूर असणार. हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या मधल्या, न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी निघाली की अनुमान सदोष. आमच्या मते तर्कशास्त्रातली ही सगळ्यात उपयोगी कल्पना आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

समितीचं अनुमान असं: याच्या शर्टाला कडक इस्त्री आहे, म्हणून हा कामात नीटनेटका असणार. व्याप्ती काय? जिथे जिथे इस्त्री, तिथे तिथे नीटनेटकेपणा. उपाधी शोधा बरं. घरात इस्त्री असणं. वीज असणं. कोपऱ्यावर लाँड्री असणं आणि तिथे द्यायला पैसे असणं. आणि ही कुणी मोजत नाही: घरात दुसरं कुणीतरी इस्त्री करून देणारं असणं. आमच्या कितीतरी नीटनेटक्या सहकाऱ्यांचा नीटनेटकेपणा सकाळी सहा वाजता त्यांच्या पत्नी दोन चादरींच्या घडीवर तयार करत होत्या.

आमची स्वतःची पहिली मुलाखत 1974 ची. घरी इस्त्री नव्हती. आई पितळी तांब्यात निखारे घालून शर्टावरून फिरवायची. पँट पाण्याचा हात मारून, घडी धरून रात्रभर गादीखाली. झोपेत कूस बदलली की घडीला फाटा फुटायचा, म्हणून ती रात्र आम्ही उताणे पडून काढली. पँट टेरिकॉटची होती आणि मामेभावाची होती. त्याच्या कमरेची. पट्ट्याखाली ती चुणी पडलेली, आणि ती झाकायला आम्ही मुलाखतभर फाईल पोटाशी धरून बसलो. समितीतल्या एकांनी नंतर आमच्या ‘नम्र’ बसण्याची तारीफ केल्याचं कानावर आलं. म्हणजे बघा, चुकीचं अनुमान आमच्या बाजूनेही लागलं आहे! नोकरी लागली. त्या नोकरीतल्या पहिल्या पगाराची पहिली खरेदी इस्त्री. हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. आज मात्र त्याची जरा वेगळी बाजू सांगायची आहे.

कारण पुढे वीस-बावीस वर्षांनी आम्ही टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो, आणि तेव्हा काय केलं ते ऐका. कॉलेजचं नाव राहू द्या. एक मुलगा रात्रीच्या एसटीने आला होता. स्वारगेटला उतरून तिथेच कपडे बदलले असावेत. अंगात कोरा शर्ट, पुठ्ठ्यातून काढलेला, छातीवर घड्यांचे चौकोन जसेच्या तसे. वळून खुर्ची ओढताना दिसलं, कॉलरच्या मागे पाकिटातली टाचणी तशीच राहिलेली. आमच्या शेजारच्या सदस्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर टाचणीचं चित्र काढून आमच्याकडे सरकवलं. आम्ही हसलो. मोठ्यांदा नाही. पण त्याने ते पाहिलं. कशाला हसतायत ते त्याला कळलं नाही, म्हणून तो आपल्या उत्तरातच चूक शोधायला लागला. ह्यूमचा कार्यकारणभाव तो तोवर फार सुंदर सांगत होता, वर्गात आम्ही सांगायचो त्याहून बरा. नंतर अडखळला.

रकाने तीन होते: विषयज्ञान, अध्यापनकौशल्य, व्यक्तिमत्त्व. पहिल्यात आम्ही त्याला भरपूर दिले. तिसऱ्यात कमी दिले. सगळ्यांनीच दिले. तो राहिला. आम्ही त्या वेळी स्वतःला काय सांगितलं? की मुलगा हुशार आहे, पण वर्ग सांभाळेल का, जरा गबाळा वाटतो. आणि नेमक्या त्याच वर्षी आम्ही एम.ए.च्या वर्गाला न्यायदर्शन शिकवत होतो. उपाधी फळ्यावर लिहून.

थोडा विचार केला असता तर त्या टाचणीचा अर्थ कळला असता. ज्याच्या घरी वरचेवर नवे शर्ट येतात त्याला टाचण्या कुठे कुठे असतात ते पाठ असतं. ती टाचणी एवढंच सांगत होती की या माणसाने आजच्यासाठी मुद्दाम शर्ट विकत घेतला. म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही बेपर्वाई म्हटलं तो परवा केल्याचा पुरावा होता. बरं, आमच्या स्वतःच्या अंगात त्या दिवशी काय होतं? खादीचा झब्बा, खिशाला शाईचा डाग. प्राध्यापकाच्या खिशाला शाई लागली की ती विद्वत्ता, उमेदवाराच्या लागली की गबाळेपणा.

म्हणून ‘साधं राहावं, आपण आहोत तसं जावं’ हा जो दुसरा उपदेश आहे, तोही आम्हाला मॉलॉय यांच्याइतकाच संशयास्पद वाटतो. साधेपणाचा गौरव करताना आपण गांधीजींचा पंचा काढतो. पण त्या पंचाआधीची एक गोष्ट आत्मकथेत आहे, ती कमी सांगितली जाते. 1893 साली डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने पगडी उतरवायला सांगितली, तेव्हा गांधी नकार देऊन बाहेर पडले. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून त्यांची नोंद झाली आणि मुख्य न्यायाधीशांनी तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी पगडी उतरवली. मित्रांना ते रुचलं नाही. गांधींचा विचार असा होता की बळ मोठ्या लढ्यासाठी राखावं. आम्हाला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कारण पहिल्या वेळी ते आल्या पावली परत जाऊ शकत होते. दुसऱ्या वेळी त्यांना त्या दालनात काम करायचं होतं. मुलाखतीला जाणारा प्रत्येक माणूस या दुसऱ्या अवस्थेत असतो. त्याला तत्त्वनिष्ठा शिकवू नये.

आणि डॉ. आंबेडकर. डिसेंबर 1927 मध्ये महाडला स्त्रियांच्या सभेत त्यांनी काय सांगितलं? लुगडं नेसण्याची जी तऱ्हा तुमची जात सांगते ती सोडा, ते ओझ्याचे दागिने सोडा. कापड फाटकं असेना का, स्वच्छ असू द्या. ‘आहात तशा राहा’ असं ते म्हणाले नाहीत. कारण ते ‘आहात तसं’ त्या स्त्रियांनी निवडलेलं नव्हतं, त्यांच्यावर लादलेलं होतं. दुसऱ्याने ओळखून दूर ठेवावं म्हणून जी खूण अंगावर घातली गेली, तिला ‘माझं स्वत्व’ म्हणून कवटाळत बसायचं का? आंबेडकरांच्या सुटाकडे बघून नाक मुरडणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यातली बरीच स्वतः सूट घालणारी होती. मॉलॉयही म्हणतात कपडे बदला, आंबेडकरही म्हणाले कपडे बदला, मग फरक काय? फरक हा, की आंबेडकरांनी त्याच महाडमध्ये मनुस्मृतीही जाळली. म्हणजे वांग्याला सांगितलं आणि तराजूही फोडायला घेतला. मॉलॉय यांच्या पुस्तकात तराजूला कुणी हात लावत नाही. लावला तर पुस्तक कोण विकत घेईल?

स्त्रियांच्या बाबतीत तर हिशोब आणखी वाकडा आहे. पुरुषाला एकच भीती, कमी दिसण्याची. बाईला दोन्हीकडून. साडी नेसली तर ‘काकूबाई’, पँट घातली तर ‘फारच मॉडर्न’, रंग लावला तर का, नाही लावला तर का नाही. आम्ही समितीत असे शेरे ऐकले आहेत, आणि ते करणाऱ्यांत बायकाही होत्या. यावर जास्त बोलायचा अधिकार आमचा नाही. सभागृहातल्या भगिनी आमच्याहून चांगलं सांगतील.

मग तराजूचं काय करायचं? अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांनी साधारण 1970 नंतर एक युक्ती काढली. वादक निवडताना मध्ये पडदा लावायचा. परीक्षकांनी फक्त ऐकायचं. काही ठिकाणी जमिनीवर जाड गालिचा टाकत, कारण लाकडी फरशीवर टाचांचा आवाज झाला तरी येणारी बाई आहे हे कळायचं. आम्हाला त्या पडद्यापेक्षा गालिच्याचं कौतुक आहे. कुणीतरी बसून विचार केला असणार की अजून कुठून गळतंय. आपल्याकडे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कारण दिलं गेलं ते वशिला आणि भ्रष्टाचाराचं, कपड्यांचं नव्हे. पण कितीतरी घरांतला कोऱ्या शर्टाचा खर्च वाचला असेल.

शिक्षकाची निवड पडद्याआडून करता येणार नाही, हे मान्य. त्याला वर्गासमोर उभंच राहायचंय. पण मग त्याला वर्गासमोर उभा करून बघा की! खुर्चीत बसवून कशाला बघता? सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे लिहा, शेवटी ‘एकंदर छाप’ म्हणून काही लिहू नका. आणि तो ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा रकाना काढून टाका. त्या रकान्यात काय भरतात ते आम्हाला विचारा. तुमच्यापैकी जे कुठल्या ना कुठल्या समितीवर बसतात, आणि इथे तसे आठ-दहा जण तरी दिसतायत, त्यांच्याशी आम्ही मघापासून बोलतो आहोत. ‘काय घालावं’ हा प्रश्न उमेदवारांचा म्हणून जन्माला आला, पण त्याचं उत्तर तुमच्या खिशात आहे.

राहिली ती मुलगी. तिला काहीतरी सांगणं भाग होतं. आम्ही म्हटलं, तू तासिकेला ज्या कपड्यात तास-तास फळ्यापाशी उभी राहतेस, ते घालून जा. एकदोनदा धुतलेले, अंगाच्या ओळखीचे. म्हणजे दार लागल्यावर कपड्याचा विचार मनात येणार नाही आणि डोकं विषयाला मोकळं राहील. आम्हाला आमचं उत्तर आवडलं होतं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे कुर्ता. पण सर, तुम्ही आता समितीवर नाही आहात ना.”

साडी नेसून गेली ती. निकाल अजून लागायचाय.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. आणि मागच्या रांगेतल्यांनी आमच्या झब्ब्याकडे फार निरखून बघू नये, इस्त्री आज आम्ही स्वतः केली आहे.